न भरणारी टाकी

नाही, पण टाकी उघडायचं कारण काय? ते सांगा मला आधी, मग तुमच्या त्या दोघा माणसांना पहारी घेऊन आत बोलवा. उभ्या का, बसा ना. तुम्ही ड्रेनेज खात्याच्या इंजिनिअर, शिकलेल्या बाई, तुम्हाला वेगळं काय सांगायचं — बत्तीस घरांची ही वसाहत, प्रत्येक घरामागे सेप्टिक टाकी, आणि बत्तीसच्या बत्तीस टाक्या मी बांधल्यात. इथं मला नावानं कुणी हाक मारत नाही, टाकीवाले म्हणतात. पंचवीस वर्षांत एका तरी दारात मैला उपसायची गाडी उभी राहिलेली दाखवा. पलीकडच्या वसाहतीत जा, दर दोन-तीन वर्षांनी येते ती गाडी, तो मनगटाएवढा जाड पाइप, तो वास, नाकाला रुमाल लावून दारात उभी असलेली माणसं. आमच्याकडे नाही. मग आमच्या सुखाच्या जिवाला ही तुमची सार्वजनिक गटारलाइन कशाला?

लिहा, खुशाल लिहा. बत्तिसांपैकी एकतीस घरांच्या हरकती मी स्वतः दारोदार फिरून गोळा केल्यात, हेही लिहा. राहिलं हे एक घर — वहिनींचं. माझा थोरला भाऊ गेला, आता पुढच्या दोन खोल्यांत वहिनी आणि त्यांची चार वर्षांची नात, मागच्या खोलीत मी. अंगण एक, टाकी एक, बोअर एक. आणि वहिनी म्हणतात, भाऊजी, मी नाही सही करायची, मला लाइन हवीय. का, तर कपडे वाळत घालताना टाकीच्या झाकणावरून जावं लागतं आणि त्यांचा पाय धजत नाही. हे कारण. घरातलंच माणूस फितूर म्हटल्यावर बाहेरच्यांना काय बोलायचं? आणि तुम्हालाही बरोबर हेच घर सापडलं पहिलं.

थांबा, फाटक वाजलं का? तुमचीच माणसं असतील. त्यांना म्हणावं दम धरा. आणि तुमच्या खात्याचं कौतुक तर मला सांगूच नका — हा समोरचा रस्ता तीनदा खणलात. एकदा नळासाठी, जे नळ अजून आले नाहीत, एकदा केबलसाठी, आता गटारासाठी. मधल्या खणतीत आमच्या टपालवाल्याचा पाय मोडला, आठ महिने तो खड्डा तसाच, कंदील सोडा, दोरी बांधायची अक्कल नाही कुणाला. आणि तुमचा तो पंप, वीज गेली की तो बंद, मग अख्ख्या गावाची घाण उलटी येणार ती आमच्याच मोरीत ना? हसू नका. मी पाइपांत आयुष्य घातलंय.

मी विरोधासाठी विरोध नाही करत. द्या जोडणी. संडासाचा पाइप टाकीच्या अलीकडेच तोडा, तुमच्या लाइनला जोडा, टाकी राहू दे झाकलेली, मी वर माती टाकतो, फुलझाडं लावतो. संपलं ना? नियम — नियम मीही वाचलाय. जुनी टाकी उपसायची, भिंती आणि तळ तपासायचा, राडारोडा भरून बुजवायची. बुजवणारच आहात तर तपासता कशाला? तळाचं काय तपासायचं असतं? जमिनीखालची वस्तू, तिला तिथंच राहू दे की.

का भरत नाही म्हणजे? मॅडम, हात असतो एकेकाचा. विटांचं बांधकाम, आतून गिलावा, मधली भिंत, पाण्याला वाट — हां, उरलेला मैला कुठं जातो हे विचारताय. कुजतो. नाही, सगळा नाही कुजत. मला माहितीये सगळा नाही कुजत, तुम्ही कॉलेजात शिकलात, मी खड्ड्यात उतरून शिकलोय.

तो कॅन? तो माझा. मला पित्ताचा त्रास आहे, विकतचं पाणी पितो. दहाएक वर्षं झाली. वहिनी नाही, वहिनी बोअरचंच पितात, त्यांना गोड लागतं. सगळी वसाहत पिते. अहो, बोअर तिकडं कोपऱ्यात आहे, लांब — पावलं टाकून कशाला बघताय? पंधरा भरतील. मी मोजलीत. मी पुष्कळदा मोजलीत.

वहिनी, तुम्ही कशाला उठलात? पोर झोपलीय ना? मॅडमना काही नको, त्या निघाल्याच आहेत — बरं, ठेवा तिथं. अहो ठेवा, घेतील त्या. तुम्ही आत जा, पोर उठली वाटतं. जा.

मॅडम, तो पेला खाली ठेवा. पिऊ नका. ओतून टाका त्या कुंडीत. नाही, कुंडीत नको — असू दे, द्या इकडे.

तळ नाहीये. बसा, सांगतो, हळू बोला पण. पहिली टाकी बांधली ती मास्तरांची, कोपऱ्यावरच्या घरात. खड्डा खणला आणि खालून पाणी लागलं. उपसावं तेवढं भरे. त्यात काँक्रीट काय धरणार? मास्तर माझ्या मानेवर बसलेले, मुलीचं लग्न, पाहुणे यायचे, संडास चालू करून दे. मी भिंती उचलल्या, वर स्लॅब टाकली. म्हटलं, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की झाकण काढून तळ टाकू. उन्हाळा आला तोवर मास्तर गावभर सांगत सुटलेले, काय मिस्त्री आहे, टाकी भरतच नाही. भरणार कशी? खाली मुरूम, सगळं जिरतंय. आणि मग रांग लागली माझ्याकडे — आम्हाला मास्तरांसारखी टाकी हवी. त्यातल्या एकाची टाकी मी तळ घालून बांधली असती तर ती दोन वर्षांत भरली असती, आणि लोक म्हणाले असते, टाकीवाल्याचा हात बिघडला. म्हणून दुसरीला तळ नाही. मग तिसरीला नाही. तोवर बोअर नव्हत्या हो कुणाकडे. बोअर मागाहून पाडल्या, तुमचे नळ आले नाहीत म्हणून. तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, आणि मी स्वतः कॅन आणायला लागलो.

गेल्या महिन्यात ही नात नऊ दिवस दवाखान्यात होती. टायफॉइड. डॉक्टर बाईंनी वहिनींना विचारलं, पाणी कुठलं पिता? वहिनी म्हणाल्या, आमच्या बोअरचं आहे, चांगलं आहे, भाऊजींनी स्वतः जागा दाखवून पाडलीय. आणि मी तिथंच, कॉटच्या पायथ्याशी, हातात पोरीची चप्पल घेऊन उभा. डॉक्टर बाई पुढच्या पेशंटकडे वळल्या. मी चप्पल पिशवीत घातली.

आणि दुसऱ्या दिवसापासून हरकती गोळा करायला बाहेर पडलो. बघा ना. पोर सलाइनवर, आणि मी दारोदार सांगतोय, लाइन नको, आपल्या टाक्या चांगल्या आहेत. लोकांनी सह्या केल्या, कारण सांगणारा मी होतो.

नाही, तुम्ही नका सांगू वहिनींना. कागदावर काय लिहायचं ते लिहा, बत्तीसही बिनतळाच्या लिहा, बोअर आजच बंद करायला सांगा घराघरात, माझ्या नावानं सांगा. मास्तरांकडे मी जातो. पण हे घर माझ्यावर सोडा, वहिनींना मीच सांगतो. झाकण उचलल्यावर त्यांना वरून वाकून बघून कळायला नको एवढंच म्हणतोय. आता उठा तुम्ही. त्या दोघांना घ्या आणि फाटकाबाहेर थांबा, मी हाक मारीन तेव्हा पहारी घेऊन या. बघताय काय माझ्याकडे? पळून जाणाऱ्यांतला असतो तर पंचवीस वर्षं इथं राहिलो असतो का? जा म्हणतोय ना. फाटक ओढून घ्या जाताना.