रहीमभाईंनी परत केलेली चांदी

बंधूंनो, बहिणींनो, राजुऱ्याच्या आणि नदीपलीकडून आलेल्या माझ्या माणसांनो,

बाजाराचा दिवस नसताना तुम्ही एवढे सगळे आलात. मला मोर्चात बोलायची सवय, शोकसभेत नाही. सांभाळून घ्या.

रहीमभाई सराफांना काल आपण माती दिली. कबरस्तानातून परतताना माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "आता आपल्या वर्गणीचं काय?" त्या भावावर माझा राग नाही. पण त्याला उत्तर दिल्याशिवाय मी आज खाली बसणार नाही.

बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो. आपल्या दवाखान्यात छातीचा फोटो काढायची मशीन नाही. खोकून खोकून झिजलेलं माणूस नागपूरला न्यावं लागतं. कित्येकांना तेवढं बळच उरत नाही. म्हणून आपण वर्गणी काढली आणि रहीमभाईंना खजिनदार केलं. पैसे पुरे जमले. मशीन विलायतेहून यायची होती. अन् सरकारने परवाना नाकारला. परदेशी चलन नाही म्हणे!

मी पेटलो. मोर्चा काढू म्हणालो. रहीमभाई शांतपणे सुपारी कातरत होते. म्हणाले, "काढा ना वकीलसाहेब. पण कायच्यासाठी काढून राह्यलो, ते लोकाईले आधी समजू तर द्या."

पुढच्या बाजारात ते आपल्या दुकानाच्या ओट्यावर उभे राहिले. आठवतं ना? म्हणाले, "निजामाचा हाली रुपया वर्धा नदीपलीकडं बल्लारपुरात कोनी घेत होता काय? नाई. मंग तुम्ही माह्याकडं येत होते. मी हाली ठेवून इंग्रजी कलदार रुपया देत होतो. पन कवापर्यंत? माह्या पेटीत कलदार होता तवापर्यंत. तसाच आपला रुपया विलायतेत चालत नाई. आपला चहा, ताग तिकडं जाते, तिकडची मशीन, गहू इकडं येते. एकमेकात वजा जाऊन जे देनं उरते, ते सरकार आपल्या गंगाजळीतून देते. सोन्यातून, पौंडातून. गंगाजळी आटली, म्हनून सरकार हात राखून हाय."

मी मधेच ओरडलो, "आणि ती भरली कुणी?" आजही ओरडून विचारतो! गेल्या महायुद्धात आपल्या आलापल्लीचा साग गेला, माजरीचा कोळसा गेला, देशभरचं धान्य गेलं. इंग्रजांनी रोख काही दिलं नाही. लंडनच्या वहीत आपल्या नावावर पौंड मांडले. इथली माणसं उपाशी राहिली, तेव्हा ते पौंड साठले. ती गंगाजळी म्हणजे आपला घाम आहे. ती खर्चताना दिल्लीने आपल्या फुप्फुसांचाही विचार करावा, एवढंच माझं मागणं होतं. आजही आहे.

पण रहीमभाईंच्या त्या भाषणाचा परिणाम काय झाला? आपल्या लोकांनी सोनं एवढाच शब्द घरी नेला. पुढच्या बाजारी ओट्यासमोर रांग! कुणी पाटल्या आणल्या, कुणी जुने हाली रुपये, कुणी नथ. "हे धाडा विलायतेले, अन् आना मशीन." आपल्या गावच्या मैनाबाईने तर गळ्यातली चांदीची सरी काढून पुढे केली. आणि तो माणूस दिवसभर एकेक पुडकं बांधून परत देत बसला. चहा पाजत होता, समजावत होता. "असं परस्पर धाडलं तर चोरटा धंदा होते, बाई. हे देनं सरकारच देऊ शकते."

मैनाबाई कडाडली, "काऊन? माही चांदी खोटी हाय काय? मोठा सराफ बनते!"

"खरी हाय, माय. म्हनूनच वापस देऊन राह्यलो."

संध्याकाळी दुकानात ते डोळे पुसत होते. मी म्हणालो, "रहीमभाई, सरकार या लोकांसाठी थोडे पौंड सोडत का नाही?" तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. हाली बंद होणार अशी आवई उठली, त्या सकाळी त्यांच्या दुकानावर झुंबड उडाली होती. ते हाली घेऊन कलदार देत राहिले. दुपारपर्यंत गर्दी ओसरली. "देऊन राह्यला म्हटल्यावर लोक घरी गेले, वकीलसाहेब. पेटी रिकामी दिसली असती, तर दुकान पेटवलं असतं. सरकारचंबी तसंच. तळ दिसला की सारं जग एकदम वसुलीले येते. म्हनून शेवटचा पौंड खर्चता येत नाई."

मी पुष्कळ ग्रंथ वाचले आहेत, पुढेही वाचीन. पण लोकांचा विश्वास कसा राखायचा, ते मी त्या ओट्यावर पाहिलं.

तर काल विचारणाऱ्या माझ्या भावा, ऐक. वर्गणी चांद्याच्या बँकेत आहे. तिथे आपल्या दवाखान्याच्या डॉक्टरांची सही आहे, माझीही आहे. येत्या बाजारी मी रहीमभाईंच्या ओट्यावर बसेन. ज्याला आपली वर्गणी परत हवी, त्याने खुशाल मागावी. कारण विचारणार नाही, तोंड वाकडं करणार नाही. ज्याला ठेवायची, त्याने ठेवावी. परवान्याचा अर्ज मी पुन्हा करतो आहे. पुन्हा नाकारला, तर पुन्हा करीन. मोर्चाही निघेल, आणि कशासाठी निघतो आहे ते प्रत्येकाला ठाऊक असेल.

समोरच्या घरात, पडद्याआड, रहीमभाईंच्या पत्नी, आपल्या भाभी, बसल्या आहेत. या सभेतला शब्द न् शब्द त्यांना ऐकू जातो. त्यांच्या दाराशी जाऊन पैशाबद्दल कुणी विचारू नका. जे विचारायचं, ते मला विचारा.

आता उठा. माझ्याबरोबर म्हणा.

रहीमभाई, सलाम.