न जुळणारी सही

— नाई नाई, कागद राहू द्या बाजूले, कागद कुठं पळून चालले — आधी जेवा. सैपाकवाल्या शकुननं पातोडीची भाजी केली हाय. मुंबईले तुमाले पातोडी कोन देईन? तुमच्या साहेबाले, वसंताले, लई आवडते. माझा धाकटा दीर तो, माझ्या लग्नात चार वर्षाचा होता — आता मोटारीच्या कारखान्याचा मालक. मालक म्हंजे, अर्धा. अर्धा त्याच्या चुलतभावाचा, आन् मधात मी बसली हाय, अकोल्यात, नवऱ्याचे शेअर घेऊन. माझे शेअर ज्याच्याकडं गेले त्याचा कारखाना — एवढं समजते मले. तुमाले वाटलं असन, म्हातारीले काय समजते.

सासऱ्यानं इथलं कापसाचं जिनिंग इकून तो कारखाना काढला. आमच्या मोटारी दिल्ली-कलकत्त्याले पळतात, आन् मी राजेश्वराच्या देवळात टांग्यानं जाते — हसा, हसा, मलेबी हासू येते. हे गेले तवा मी अडतीसची. लेकरू नाई. दहा वर्षं कोनी साधं पोस्टकार्ड टाकलं नाई मले. मंग छप्पन साली तो कायदा आला, विधवेचा वाटा तिच्या पुऱ्या मालकीचा — आन् सत्तावनच्या पोळ्याले वसंता दारात उभा. वैनी म्हने. पाया पडला. दोन दिवस राहिला, आन् जाता जाता कागद काढला, शेअर त्याच्या नावानं कराचा.

मी केली ना सही. देवाशपथ, सरळ मनानं केली. पन हात थरथरला का काय, कागद वापस आला — चुलतभाऊ भिंग घेऊन बसते म्हने बोर्डात, हे गेले तवाच्या माझ्या सहीशी ही जुळत नाई. आन् काय झालं? वसंता परत आला. चार महिन्यांत परत. अंगनात खाट टाकून झोपला, शेजारपाजारचे पाहून गेले — ताराबाईकडं दीर आला. तवा मले उमगलं. मंग पुढच्या खेपेले — आता तुमाले काय लपवू — सहीची शेवटची रेघ मी जराशी लांब ओढली. जराशीच. त्याच्या पुढच्या खेपेलेबी. साहेबाले सांगू नका हे. शेअर त्यालेच द्याचे हायेत मले, दुसऱ्या कोनाले देऊ? पन देऊन बसली मंग इथी कोन येईन, सांगा. तुमी तरी येसान काय?

मागच्या खेपेले त्यानं मुनीम धाडला, आता तुमी. सोता काहून नाई आला? तब्येत बरी हाय ना त्याची? — हो, काम असन. मोठा कारभार. पुढच्या खेपेले येतो म्हने काय? — काहून? पुढची खेप काहून नाई?

ही काय डबी? शाईची? — आंगठा? मी आंगठा कशी लावीन हो, मले लिहिता येते. वसंताले मुळाक्षरं कोनी शिकवली? माय नव्हती त्याले — मांडीवर बसवून, हात धरून पाटीवर मीच गिरवून घेतली. तुमी काही भलतंच समजून आले. — साहेबानंच देली डबी? सोताच्या हातानं? — आन् साक्षीले दोन मानसं बाहेर टांग्यात बसून हायेत.

म्हंजे त्याले माहीत होतं. रेघेचं. कवापासून माहीत होतं?

नाई, तुमाले नाई इचारून राहिली.

आना तो कागद. कोनता, डावा? — दाबा जोरात, पुसट नको उठाले, नाई तं तुमाले पुन्हा याचं काम पडन. — झालं. फडकं नको, राहू द्या.

उठा आता, गाडी चुकन तुमची. आन् हे पाहा, वसंताले सांगजा — नाई. काई नका सांगू. जा.