हर्षा गेल्यावर निरोप कोण पोचवणार

— नाही, मी बसणार नाही. ही दोन कदेलं, तुमच्या खुर्च्या, तुम्ही समोरासमोर मांडलीत, मांडा. पण नवऱ्याच्या तोंडाकडं बघत 'मला असं वाटतं, मला तसं वाटतं' — माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुम्ही पणजीहून आलात, नवरा-बायकोंना बोलतं करायची विद्या शिकून आलात, मी कुठं नाही म्हणते? बोलावलं कोणी? हर्षानं. माझी सून, गुणाची आहे, पण चोंबडी. माझ्या मुलाची, देवेशची, बदली झाली वास्कोला, रविवारी दोघं बिऱ्हाड हलवणार, तर हिला घोर — मामंजींचा निरोप सासूला कोण पोचवणार? कारण आमचं सगळं हिच्या तोंडून. 'हर्षा, तिला सांग, पदेर येऊन गेला.' 'हर्षा, त्यांना सांग, पाव मी घेतलेत.' एकाच स्वयंपाकघरात, हातभर अंतरावरून. हसू नका.

कशावरून? भाषेवरून. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, त्या चळवळीचे दिवस. देवळाच्या मंडपात सभा, आमचे हे मराठीच्या बाजूनं बोलायला उभे — बोलतात छान, मीच खांबाआड उभी राहून ऐकत होते — आणि कोणीतरी विचारलं, बायकांचं मत काय? मी हात वर केला. म्हटलं, पोथी मी मराठीत वाचते, शाळेचं तोंड न बघता शिकलेय, ती माझ्याकडून कोणी काढून घेऊन बघावी. पण पोर पडलं की माझ्या तोंडून कोंकणीच येते, तर राजभाषा तीच होऊ दे. मंडप हसला. मला नाही, त्यांना — घरची बायको ऐकत नाही नि गावाला सांगायला निघालाय. ते खाली बसले. तेव्हापासून माझ्याशी शब्द नाही. चुकलं? काय चुकलं? आज सभा भरली तर आजही हात वर करीन.

रागाच्या खाली आणखी काही असतं म्हणता, ते खणून काढायचं. खणायला आमच्याकडं खाणवाले थोडे आहेत? माझ्या रागाखाली काही नाही. भीती? कसली? हर्षा गेली की घर शांत होईल, बरंच. ते परसात गेले की मी नारळ किसायचं थांबवते, खोकला ऐकू येतो का बघायला — ह्याला काय भीती म्हणतात? माणूस बोलत नाही तर निदान खोकला तरी. कमलाक्षी नाव माझं. ते कमळ म्हणायचे. चारचौघांतसुद्धा — हे लिहू नका. लिहू नका म्हणते ना.

हे त्यांना सांगितलं का, म्हणता? मी का सांगू? आधी त्यांनी—

आले बघा. बसलेसुद्धा, शहाण्यासारखे. काय म्हणाले तुम्हाला? 'तिला सांगा, मी बसलोय'? बाई, तुम्ही सांगू नका. तोंडच उघडू नका. हर्षा जाणार, तुम्हीही संध्याकाळच्या बसनं जाणार. उठा, हर्षा बाहेर चहा देईल, तो घ्या जा. दार ओढून घ्या.

अहो. मी इथं उभी आहे. मला सांगा.