साडेचार संत्रे

…अन् संत्रे! अहो, संत्रे देऊन राहिला तो माणूस! नाटकाले संत्रे, नाचाले संत्रे, गणपतीतल्या लहान पोरायच्या फॅन्सी ड्रेसलेही संत्रे! पाचापैकी किती, तं म्हणे साडेतीन! आता अर्धा संत्रा देते कसा, तुम्हीच सांगा… फोडी मोजून देते का सालटासकट देते? बावीस वर्षं झाले मी या सौंसरात बसून नाटका-नाचाची समीक्षा लिहून राहिलो, शाळेत मराठी शिकवून, पेपर तपासून, आपल्या साप्ताहिकात दर शुक्रवारी 'रंगदृष्टी', खाली नाव हेमंत सर, ऐकलंच असन तुम्ही… नाही ऐकलं? …जाऊ द्या. तं बावीस वर्षांत मी कोणाले एक फोड दिली नाही! अन् हा दिलीप, रामाकोन्याच्या रस्त्यावर कृषी केंद्र आहे त्याचं, दिवसभर कपाशीचं बियाणं अन् फवारणीचं औषध विकते, दिवस मावळला की मोबाईल तोंडापुढं धरते, अन् झाला समीक्षक! पण तुम्हाले सांगतो, मी काही जळून नाही राहिलो.

बोलते कसा पाहा… "रामराम मंडळी! मी तुमचा दिलीपभाऊ! आत्ताच पाहून आलो. पहिले हसलो, मग रडलो, मध्यंतरातला समोसा थंडा होता. चार संत्रे! जरूर देखो भाऊ!" संपली समीक्षा! एका मिनटात! अन् चौदा हजार लोकायनं पाहिली! चौदा हजार! अन् मी लिहितो… 'नेपथ्याच्या मितव्ययी वापरातून अवकाशाची साधलेली पुनर्रचना'… चार वेळा खोडून लिहितो, संधी-समास तपासून लिहितो, तं आमची मीना त्या पेपरावर भजे निथळायले ठेवते. शुक्रवारचा पेपर शुक्रवारीच! म्हटलं, अवो, बायको आहेस तू माही, वाचून तरी ठेव. तं म्हणे, "कायले? तुमचंच तं आहे." अन् तिकडं मोबाईलमंदी दिलीप लावून कणिक मळते! "याचं कसं पटकन समजते नाही?" मळ म्हटलं, मळ.

फ्लेक्सचं तं विचारूच नका. बसस्टँडपुढं दहा फुटांचा फ्लेक्स. नाटकाचं नाव बारीक, नटायचे फोटो बारीक, अन् मधात मोठ्या अक्षरात 'दिलीपभाऊ म्हणतात – साडेचार संत्रे!' मी कार्यक्रमवाल्या गजेंद्रले सहज विचारलं, सहज बरं, म्हटलं माहंही एखादं वाक्य टाकत जा कधी. तं म्हणे, "टाकलं असतं सर, पण तुमचं वाक्य फ्लेक्सवर मावत नाही. बसस्टँड संपते, वाक्य नाही संपत." हसलो मी. आपण मोठ्या मनाचे. मी काही जळून नाही राहिलो.

पण खुर्ची! खुर्चीले हात नव्हता लावा लागत त्यायनं.

झालं असं, एप्रिलमंदी तेजस्विनीची नृत्यनाटिका होती. तेजस्विनी म्हणजे आपली बँकेत आहे ना, संध्याकाळी पोरींना नाच शिकवते, ती. सहा महिने तालीम केली बिचारीनं. गोष्ट साधी… आई अन् लेक, संत्र्याच्या बगिच्यात वाढलेली लेक सासरी जाते, आई मागं राहते. सौंसरात पहिला प्रयोग, अन् पंधरा दिवसांनी पांढुर्ण्याच्या स्पर्धेत. तं आपल्याकडं पद्धत काय आहे, पहिली रांग, मधातली तिसरी खुर्ची, तिच्यावर कागद चिकटवलेला, 'समीक्षक'. तो कागद मी घरूनच लिहून नेतो, अक्षर चांगलं आहे माहं. गेलो, कागद काढला, पाहतो तं खुर्चीवर दिलीप! अन् खुर्चीपुढं त्याच्या मोबाईलचा तीन पायाचा स्टँड! गजेंद्र धावत आला… "सर, सर, आज जरा ॲडजस्ट करा ना, दिलीपभाऊले समोरून शूटिंग घ्या लागते." अन् दिलीप उठून हात जोडून, "बसा ना सर तुम्ही, मी उभा राहतो." हे असं! असं गोड बोलते! म्हणजे बसावं तरी आपणच हलके, न बसावं तरी आपणच हलके. मी म्हटलं, नाही नाही, समीक्षक कोठूनही पाहू शकते.

अन् बसवलं कोठी? तिसऱ्या रांगेत, उजव्या कोपऱ्यात, कूलरच्या मागं! तुमचा घरचा कूलर नाही हो, लग्नाच्या मंडपातला, टिनाचा, आत दोन पाहुणे उभे राहतीन असा! हवा समोरच्यायले, पाठ मले. घर्रर्रर्र असा आवाज की गाणं कोणतं चालू आहे तेही समजेना. खालून पाणी टपकून राहिलं, कार्यक्रमाची पत्रिका भिजून तिचा लगदा. अन् स्टेज? डाव्या बाजूचं दिसे. उजवं अर्धं स्टेज कूलरनं खाल्लं!

आता तुम्ही म्हणान, सर, उठून दुसरीकडं बसायचं होतं. बसलो असतो! पण त्या दिलीपनं मागं वळून पाहिलं असतं, अन् हात जोडून विचारलं असतं, "सर, दिसत नाही का?" 'मले दिसत नाही' हे समीक्षकानं कसं म्हणा, सांगा बरं? बसून राहिलो. चाळीस मिनिटं. डाव्या बाजूले लेक एकटी नाचून राहिली, सारखी उजवीकडं पाहते, हात पसरते, रडते, हसते… अन् उजवीकडं माह्यासाठी टिन.

घरी गेलो, अन् लिहिलं. काय लिहिलं, ऐका… 'दिग्दर्शिकेने रंगमंचाची उजवी बाजू संपूर्णपणे रिती ठेवली आहे. आई एकदाही रंगमंचावर येत नाही, आणि तरीही लेक तिच्याशीच नाचत राहते. अनुपस्थितीचा इतका धाडसी वापर या परिसरात प्रथमच.' वाचून मले सोताले काटा आला! म्हटलं, दे याले संत्रे! दिलीपनं काय म्हटलं होतं ते मी पाहिलंच नाही. मी त्याचं पाहत नाही. म्हणजे… पाहतो, रोज पाहतो, पण त्या दिवशी खुर्चीपायी जळ… राग आला होता म्हणून नाही पाहिलं. पाहिलं असतं तं समजलं असतं. तो म्हणून राहिला होता, "आईचं काम करणाऱ्या उर्वशीताईनं रडवलं भाऊ, पाच संत्रे!"

शुक्रवारी पेपर आला. शनिवारी सकाळी दारात उर्वशी. मोहगावच्या शाळेत मास्तरीण आहे, पन्नाशीची बाई, हातात पेपर. आवाज चढवला नाही हो तिनं, चढवला असता तं बरं झालं असतं. "सर, चाळीस मिनिटं नाचली मी. या वयात. गुडघ्याले पट्टा बांधून. घरचे हसत होते, तरी नाचली. मी तुम्हाले दिसलीच नाही?" आता इथी म्हणायचं होतं ना मी… बाई, माफ कर, मधात कूलर होता! एवढंच! तीन शब्दायचं काम! पण तोंडातून निघालं काय? "कला ही सापेक्ष असते." मीना स्वयंपाकघरातून पाहून राहिली होती… तिनं हातातली पळीच खाली ठेवली. उर्वशी म्हणे, "बरं. दिसतच नसन तं कायले नाचू?" गेली, अन् तेजस्विनीले निरोप धाडला, पांढुर्ण्याले मी येत नाही.

आठ दिवस उरले, अन् आई नाही! नवीन बाई आठ दिवसात कोठून तयार होते? नाव मागं घ्या लागते म्हणे, सहा महिन्याची मेहनत पाण्यात. घरात मीना ताट समोर आदळे. बावीस वर्षांत पहिल्यांदा माह्या लिहिण्यानं कोठी काही फरक पडला, अन् तो असा!

अन् मग गेला कोण धावून? दिलीप! दुसरं कोण जाईन? तालमीच्या हॉलमंदी गेला म्हणे तो पेपर घेऊन, अन् तेजस्विनीले म्हणे, "पोरी, रडतं कायले? सरांनं लिहून ठेवलं आहे ना, आई नाही. आपल्या सगळ्यायले दिसली अन् एकट्या सरांले नाही दिसली, म्हणजे काही विचार असन त्यायचा! तशीच करून पाहा ना." तुम्हाले सांगतो, हे ऐकून मले गुपचूप बरं वाटायले पाहिजे होतं. नाही वाटलं. म्हटलं, माही चूक, अन् निस्तरणार हा? माह्या चुकीवरही याचीच मालकी? …पण मी काही जळून नाही राहिलो!

स्पर्धेच्या दिवशी गेलो पांढुर्ण्याले. वाटेत जामसावळीले उतरलो, मारुतीपुढं हात जोडले, अन् खरं सांगू का? मनात म्हटलं, बाप्पा, यायचा नंबर नको येऊ देऊ. आला तं दिलीपचं नाव होईन. मग लगेच म्हटलं, नाही बाप्पा, येऊ दे, पोरीनं मेहनत केली आहे. मग म्हटलं, दुसरा येऊ दे. तिथला मारुती झोपलेला आहे, म्हणून बरं. उभा असता तं थापडच देता.

हॉलमंदी गेलो. एसी होता, कूलर नव्हता. सरळ मधात बसलो. पडदा उघडला. डावीकडं लेक. उजवीकडं नुसता उजेड पडलेला, बाकी काहीच नाही. ती लेक त्या रिकाम्या उजेडाकडं पाहून नाचते, हात पुढं करते, पदर धरायले जाते अन् हात रिकामा येते… हॉलमंदी कोणी खोकलं नाही, भाऊ. अन् मी रडलो. मी! लिहायची वही ओली झाली. मीच लिहिलेलं होतं ते, अन् मी ते पहिल्यांदा पाहून राहिलो होतो. बाजूच्या खुर्चीवर पाहतो तं उर्वशी. आलीच होती गुपचूप. डोळे पुसून म्हणे, "सर, आज समजलं मले, तुम्हाले त्या दिवशी काय दिसलं होतं." धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना… फरशी होती, फाटली नाही.

पहिला नंबर! तेजस्विनी स्टेजवर गेली, माइक घेतला, अन् म्हणे, "हे सगळं दिलीपभाऊमुळं!" अख्खा हॉल उभा! टाळ्या! शिट्ट्या! हो, जळून राहिलो मी! झालं समाधान? जळून राहिलो, पहिल्या दिवसापासून जळून राहिलो, चौदा हजारावर जळलो, फ्लेक्सवर जळलो, त्याच्या त्या थंड्या समोशावरही जळलो!

तं हा गडी माइक हिसकून म्हणते, "अरे माही कायची कल्पना? हे तं हेमंत सरांनं लिहिलं होतं!" अन् पब्लिक… "कोण सर?"

दोन दिवस झोप नाही. म्हटलं, बस झालं, कोणापुढं तरी खरं बोला लागन. आधी मोहगावले गेलो, उर्वशीले सांगितलं. ती अर्धा तास हसली, मग अर्धा तास बोलली, ते सांगण्यासारखं नाही. मग गेलो दिलीपच्या दुकानात. त्यानं गिऱ्हाईक सोडून खुर्ची पुसली, चहा मागवला, अन् फळीवरून काढल्या खताच्या कंपनीच्या डायऱ्या… अकरा! प्रत्येक पानावर माहा कॉलम कापून चिकटवलेला! बावीस वर्षांचा! "सर, पहिले मले समजे नाही, दोन-दोनदा वाचा लागे. मले लिहिता येत नाही ना, म्हणून बोलतो." म्हटलं, दिलीपभाऊ, एक सांगतो, रागावू नको. त्या दिवशी आई नाही दिसली, कारण मधात कूलर होता.

त्यानं डोळे मिटले. अन् म्हणे, "वा सर! आपल्याले थंडी हवा देते, सोता मागून तापते, अन् कोणी तिच्याकडं पाहत नाही… आई म्हणजे कूलरच ना!" अहो, म्हटलं, खराखुरा कूलर, टिनाचा! "तेच तं, टिनाचा! काय बोल्ले सर!" संध्याकाळी मोबाईलवर टाकलं ना त्यानं! चाळीस हजार लोकायनं पाहिलं!

मी तसाच संपादकाले फोन केला, म्हटलं, आता तं आपला कॉलम वाचत असतीन लोक? तं म्हणे, "सर, खरं सांगू? कॉलम छापायचा राहिला की फोन करणारा बावीस वर्षांत एकच माणूस आहे. रामाकोन्याच्या रस्त्यावर दुकान आहे त्याचं."

आता करता काय? ज्याच्यावर जळायचं, त्याच्यावर जळायचीही सोय नाही राहिली. काल सकाळी त्याले दोन शिंका आल्या असं समजलं, तं शाळेले सुट्टी टाकून, अद्रकाचा काढा डब्यात भरून, भर उन्हात स्कूटरवर घेऊन गेलो मी. मीना म्हणे, "एवढं काय जीव लावता त्याले?" म्हटलं, बाई, एकुलता एक वाचक आहे, काही झालं त्याले तं मी कोणासाठी लिहू?