चार वेळा पेढे

इंग्लंडमधल्या रीडिंग स्टेशनच्या फलाटावर सुप्रभाच्या शेजारी मायलेकी मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. रॉकेट सुटायला दोनच मिनिटं होती आणि त्यातल्या उपग्रहाच्या अँटेनावर लेकीने सहा वर्षं काम केलं होतं, एवढं सुप्रभाला न विचारताच कळलं.

"आई, चार वेळा लॉन्च पुढे गेलंय. आज तरी उडेल ना गं?"

"चारही वेळा मी पेढे केले होते."

"अगं, एकदा वारा होता, एकदा व्हॉल्व्ह गळत होता!"

"असेल. पण पेढे चारही वेळा होते."

"आई! उडालं! उडालं गं!"

"बघ! म्हणून या खेपेला पेढे केलेच नाहीत."

"मग या डब्यात काय आहे?"

"बर्फी. घ्या हो ताई, तुम्हीही मघापासून श्वास रोखून बसलाय."