शेवट न बघितलेला पिक्चर

ऐन शेवटाला पिक्चर सोडून उठायला मी काय खुळा न्हाय, पण आमच्या आक्कापुढं कोण बोलणार?

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कॅम्पात राहती. दाजी फौजेत होते, लढाईत बेपत्ता झाले ते आजतागायत. आक्का अजून कुंकू लावती. पितृपक्षात त्यांच्या नावानं पान वाढू देत न्हाय.

परवा तिला पिक्चरला नेलतं. युद्ध संपल्यावर एक बाई नवऱ्याला शोधत गावोगाव फिरती. शेवटी एक म्हातारा तिला म्हणतो, "चल, दाखवतो."

आक्कानं माझा हात धरला. "उठ रं."

"अगं, सापडतोय का न्हाय, ते आताच तर कळणार!"

"म्हणूनच उठ."

बाहेर आल्यावर पदर सावरत म्हणाली, "शोधतीय तवर नवरा हाय तिला."