बटन खाऱ्यावर राह्यलं

आन् मले सांगा, पाणी खारं का गोडं, हे मशीननं इचारावं का जी? नाही, तुमीच सांगा! पाण्यात तू उतरणार, मासे तू शोधणार, मंग घे नं चाखून, मले काहून इचारते? पण नाही! बॅटरीले तार लावली नाही लावली तं पडद्यावर पयला सवाल... खारं का गोडं? आता माहा जलम दर्यापूरकडच्या खारपाणातला. आमच्या इहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, चहात किती बी साखर टाका, कळत नाही. उमरभर पाणी म्हणून जे पेलो ते खारंच! दाबलं बटन, खारं. आता याच्यात माही काय चुकी झाली, सांगा तुमीच!

मशीन म्हंजे मासे दाखवायची मशीन. एक पडदा, मोबाइलहून जरा मोठा, आन् तारेच्या शेंड्याले काळा गोटा. गोटा पाण्यात आवाज सोडते, आवाज तळाले आपटून वापस येते, आन् पडद्यावर तळ बी दिसते, मधातले मासे बी दिसते. घेतली काहून? तं उन्हाळ्यात आमच्या धरणातले मासे जाऊन बसते खोल पाण्यात, आन् मी आन् हुसेनचाचा काठाकाठानं जाळं टाकतो आन् शेवाळ काढतो! नाव चाचाची. सागाची, त्यायच्या हातची. चाचा म्हणे, "मेरी नाव को छेद नहीं करना." म्हटलं छेद नाही, बांबूले बांधतो गोटा. तरी नाही म्हणजे नाही. मंग दोन दिवसानं सोताच आले. "बंडू, तुही मशीन तळ दाखवते नं? बांध मंग. पण पयले माही अम्मी दाखव."

अम्मी म्हंजे चाचाची माय, हलीमाबी, गावच्या कबरस्तानात पुरलेली. जुनं गाव धरणात गेलं तवा कबरस्तान बी गेलं. चाचा तवा वीस-बाईस वर्षाचे. चाळीस वर्षापासून दर जुम्मेरातीले, म्हंजे गुरुवारी, हा माणूस काठावर येते, अंदाजानं पाण्याकडे तोंड करते, मायच्या नावानं फातेहा पढते, आन् अंदाजानंच घरी जाते. असं कोणी मांगितल्यावर तुमी काय म्हणसान? माह्या तोंडून निघून गेलं, दाखवतो! याच्यात माही काय चुकी झाली, सांगा तुमीच!

पण पयले मशीन चालते का ते तं पाहा लागन! चाचाच्या अंगणात बाजेवर ठेवली, गोटा कोरडाच लोंबकळून रायला, आन् पडद्यावर पाणी! एकशेवीस फूट! त्यात मासे, हे एवढाले! मी खुश. शेजारचे नत्थुजी आले, त्यायचे दोन बोर कोरडे गेलेले... थे पडद्याकडे पायते, बाजेखाली पायते, पुन्हा पडद्याकडे पायते. "बंडू, अथी एकशेवीस फुटावर पाणी हाय? आन् मासे जिते हाय, म्हंजे गोडं हाय! लावा रे बोरवाल्याले फोन!" नारळ घेऊन आले न जी! बाजेखाली चुन्यानं फुली मारली! तेवढ्यात चाचाची नात आली, कहकशाँ, अमरावतीले क्लास करते. तिनं पायलं आन् पोट धरून हसली. "बंडूचाचा, हा नमुना आहे! दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायचा. यात खरं काहीच नाही." नत्थुजी आठ दिवस बोलले नाही माह्याशी. मी काय त्याईले फोडा म्हटलं होतं नारळ?

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो तिघं, मी, चाचा आन् कहकशाँ. गोटा बांबूले, बांबू नावेले. चाचाजवळ त्यायची जुनी दोरी, फुटाफुटावर गाठ, खाली दगड. मशीन म्हणे एकावन्न फूट. चाचानं दोरी सोडली, पन्नास. दुसऱ्या जागी तेच. "बंडू, एक फूट झूट बोलते तुही मशीन. मायच्या बाबतीत एक फूट बी झूट नाही पायजे." पोट्टीनं बटनं दाबली, कपाळाले हात मारला. "बंडूचाचा, तुम्ही समुद्राचं पाणी लावून ठेवलं!" समुंदर! अकोल्या-अमरावतीच्या मधात समुंदर! तिनं गोडं केलं, आन् मशीन दोरीशी बरोबर बोलाले लागली. चाचा पयल्यांदा हसले.

मंग तासभर नाव हळूहळू फिरवली. पडद्यावरची रेघ सपाट चालली होती... आन् एकदम उभी चढली. चाचा वाकले. "दिवार." मी म्हटलं काय? "कबरस्तानाची भिंत, बंडू. याचे दगड मीनं डोक्यावर वाह्यले." नाव सरकली. आत एक ठोंब दिसला, मोडक्या दातासारखा. "चिंच. चिंचेच्या उगवतीले अम्मी." आन् तथीच मशीन सुरू... टुई, टुई, टुई! मासेच मासे! भिंतीच्या, खोडाच्या आडोशाले सारं धरण जमलेलं! माहा हात सवयीनं जाळ्याकडे गेला. चाचानं त्याच्यावर आपला हात ठेवला. "बंडू, अथी आपण कधी जाळं टाकलं का?"

आता तुमाले सांगतो, त्याईले सांगितलं नाही. शुक्रवारी चाचा नमाजले जाते आन् नाव मी एकटाच काढतो. माही एक चोरून ठेवलेली जागा होती. शुक्रवारचं जाळं कधी रिकामं आलं नाही. ती जागा हीच, हे मले नाव तथी आली तवाच समोरच्या टेकडीवरून कळलं होतं.

म्हटलं, "नाही चाचा. कधीच नाही."

याच्यात माही काय चुकी... नाही, याच्यात हाय. राहू द्या.

चाचा उभे राह्यले, हात उचलले. पोट्टीनं मशीनचा आवाज बंद केला. चाळीस वर्षात पयल्यांदा तो माणूस बरोबर जागेवर फातेहा पढत होता, आन् मले रडू आलं जी, तुमच्यापासून काय लपवू.

मशीन अजून नावेवर हाय. कहकशाँनं तथी खूण करून ठेवली हाय तिच्यात. जवळ गेलो का पडदा माशानं गच्च भरते, चाचा वल्हं फिरवते, मी जाळ्यावर बसून घेतो, आन् लांबून वळसा घालून आमी काठाले येतो, शेवाळ काढाले. सारे इचारते, "काहून बंडूभाऊ, एवढी मशीन आणली आन् मासे पयल्याहून कमी? शुक्रवारचे तं दिसतच नाही!" काय सांगू?

म्हणतो, माहीच चुकी झाली जी. बटन खाऱ्यावर राह्यलं.